हिंगोली : एक जिल्हा, तीन मतदारसंघ

मतदार हा लहरी असतो, वाऱ्याबरोबर फिरतो आणि निकालाच्या दिवशी पंडितांची सर्व भाकिते धुळीस मिळवतो, असा एक समज आपल्या राजकीय चर्चेत शिष्टसंमत होऊन बसला आहे. या समजाची परीक्षा पाहावयाची झाल्यास मराठवाड्याच्या ईशान्य कोपऱ्यातील हिंगोली जिल्ह्याचा निवडणूक-इतिहास उघडून बसावे; कारण तेथे एकाच मतदाराचे दोन स्वभाव शेजारी शेजारी नांदताना दिसतात. हिंगोली लोकसभा मतदारसंघात १९९१ पासून २०२४ पर्यंत नऊ सार्वत्रिक निवडणुका झाल्या, त्यांत सात निरनिराळ्या व्यक्ती खासदार झाल्या आणि त्यांपैकी एकीलाही लागोपाठ दुसऱ्यांदा दिल्लीस जाता आले नाही. याच लोकसभा मतदारसंघाच्या पोटातील हिंगोली विधानसभा मतदारसंघात मात्र १९९० पासून २०२४ पर्यंत आठ निवडणुका झाल्या आणि त्या सर्व मिळून आमदार झाले अवघे तीन : भारतीय जनता पक्षाचे बळीराम पाटील कोटकर दोनदा, काँग्रेसचे भाऊराव पाटील गोरेगावकर तीनदा आणि भारतीय जनता पक्षाचेच तानाजी मुटकुळे तीनदा. तीच माणसे, तीच गावे, बहुतेक तीच मतदान केंद्रे. परंतु एका पेटीत चंचलता आणि दुसरीत कमालीची स्थिरता. हा विरोधाभास केवळ लहरीपणाने उलगडत नाही. त्याचे मूळ मतदारसंघ नावाच्या चौकटीत, तिच्या लांबीरुंदीत आणि ती आखणाऱ्या हातांत आहे, असे प्रस्तुत प्रकरणाचे प्रतिपादन आहे. आणि म्हणून उमेदवारांच्या जयपराजयाकडे वळण्यापूर्वी ही चौकट कशी घडली, ते पाहिले पाहिजे.

पैनगंगेच्या अलीकडे

हिंगोली जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून पैनगंगा वाहते, मध्यातून कयाधू आणि दक्षिणेकडून पूर्णा. या तीन नद्यांपैकी पैनगंगा ही शतकभर केवळ नदी नव्हती, ती राज्याची हद्द होती. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या स्वाधीन केला, तेव्हापासून नदीपलीकडील वाशीम, पुसद, उमरखेड हा मुलूख इंग्रजी अंमलाखाली गेला आणि अलीकडील हिंगोली, कळमनुरी, वसमत हे तालुके मोगलाईत राहिले. हिंगोली गावात निजामाच्या खर्चाने व इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीत चालणाऱ्या हैदराबाद कंटिंजंट नावाच्या फौजेची छावणी होती. १९०३ मध्ये ही फौज हिंदी लष्करात विलीन झाली आणि छावणीचे महत्त्व ओसरले. महसुली कारभार मात्र पहिल्या सालारजंगाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घालून दिलेल्या जिल्हाबंदीच्या पद्धतीने चालू राहिला. परभणी जिल्हा, त्यावर अव्वल तालुकदार, त्याखाली तहसीलदार, मग गिरदावर, आणि गावात पटवारी व पाटील अशी ही उतरंड होती. वाचकाला आश्चर्य वाटेल, पण आजच्या मतदारसंघाच्या आखणीतही या उतरंडीचा प्रभाव शिल्लक आहे, कारण मतदारसंघाची सीमा ठरवताना जो घटक शक्यतो तोडावयाचा नाही असा संकेत पाळला जातो, ते महसूल मंडळ म्हणजे जुन्या गिरदावरीचेच आधुनिक रूप होय.

या मुलखातील रयतेने मतदान नावाची गोष्ट फार उशिरा पाहिली. हैदराबाद संस्थानात १८९३ पासून कायदेमंडळ होते खरे, परंतु ते दरबारी सल्लामसलतीपुरते. १९३९ च्या सुधारणांत निवडणुकीचे तत्त्व आले, तेही प्रौढ मताधिकाराने नव्हे, तर जमीनदार, व्यापारी, वकील अशा हितसंबंधांच्या गटवारीने. गावच्या सामान्य कुणब्याला, बलुतेदाराला, तांड्यावरच्या बंजाऱ्याला आणि कोणत्याही जातीच्या स्त्रीला आपला प्रतिनिधी निवडण्याचा अधिकार प्रथम मिळाला तो १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाल्यानंतर, स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत. १९५२ साली हैदराबाद राज्याची १७५ सदस्यांची विधानसभा निवडून आली. त्यांत काँग्रेसला बहुमत मिळून बी. रामकृष्ण राव मुख्यमंत्री झाले. मराठवाड्यातील विरोधी राजकारणात त्या वेळी शेतकरी कामगार पक्षाचा मोठा जोर होता. जमीन, कूळ आणि सावकारी हे विषय तेव्हा कागदावरचे नव्हते, दाराशी आलेले होते. जहागिरी नुकत्याच खालसा झाल्या होत्या आणि १९५० च्या कूळकायद्याने जमिनीच्या मालकीचा जुना हिशेब मोडावयास प्रारंभ झाला होता.

त्या पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असे, पेटीवर त्याचे चिन्ह डकवलेले असे आणि मतदाराने कोरी मतपत्रिका आपल्या पसंतीच्या पेटीत टाकावयाची असे. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही निर्वेधपणे मत देता यावे, म्हणून ही योजना होती. पुढे १९६० च्या दशकात एकच मतपत्रिका व तिच्यावर शिक्का ही पद्धत सर्वत्र रूढ झाली. हिंगोलीच्या दृष्टीने या काळाची एक विलक्षण गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. लागोपाठच्या तीन सार्वत्रिक निवडणुकांत येथील आमदार तीन निरनिराळ्या राज्यांच्या विधानसभांत बसले : १९५२ मध्ये हैदराबादच्या, १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर १९५७ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्याच्या, आणि १ मे १९६० नंतर १९६२ मध्ये महाराष्ट्राच्या. गाव हलले नाही, मतदार हलला नाही. राजधानी मात्र दहा वर्षांत हैदराबादहून मुंबईस आली आणि पुढे कारभाराची दफ्तरी भाषाही उर्दूवरून मराठीवर आली. आपले गाऱ्हाणे नेमके कोणत्या दरबारात मांडावयाचे, हा प्रश्न ज्या पिढीपुढे इतक्या वेळा नव्याने उभा राहिला, तिने दूरच्या सत्तेपेक्षा जवळच्या माणसावर भिस्त ठेवावी, यात अस्वाभाविक काही नाही.

वाटणीचे गणित

परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव असे त्याचे पाच तालुके. तालुके पाच असताना विधानसभेचे मतदारसंघ तीनच का, असा प्रश्न सामान्य वाचकाच्या मनात येतो, आणि त्याचे उत्तर शुद्ध अंकगणितात आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने प्रत्येक राज्याच्या विधानसभेतील जागांची संख्या १९७१ च्या जनगणनेवर गोठवली. लोकसंख्या आटोक्यात ठेवणाऱ्या राज्यांना शिक्षा होऊ नये, हा तिचा हेतू. महाराष्ट्राच्या वाट्याला २८८ जागा आल्या आणि १९७८ पासून ती संख्या बदललेली नाही. परंतु राज्याच्या आत त्या २८८ जागांची वाटणी आणि त्यांच्या सीमा २००१ च्या जनगणनेनुसार नव्याने ठरवाव्यात, असे चौऱ्याऐंशीव्या आणि सत्त्याऐंशीव्या घटनादुरुस्त्यांनी ठरवले. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील परिसीमन आयोगाने ते काम केले आणि २००८ च्या आदेशाने ते अमलात आले.

हिशेब असा. २००१ मध्ये महाराष्ट्राची लोकसंख्या ९ कोटी ६८ लाख ७८ हजारांच्या घरात होती. तिला २८८ ने भागले असता एका जागेमागे सुमारे ३ लाख ३६ हजार माणसे पडतात. हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या त्या वर्षी ९ लाख ८७ हजार १६० होती. भागाकार २.९३ येतो, म्हणजे तीन जागा. पुढे २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ७७ हजार ३४५ झाली, राज्याचीही वाढली, आणि नव्याने भागाकार केला तरी उत्तर तीनच्या अगदी जवळ राहते. महाराष्ट्रात विदर्भातील काही जिल्ह्यांच्या जागा कमी झाल्या आणि मुंबई-पुण्याच्या परिसरातील उपनगरांच्या वाढल्या, त्या धामधुमीत हिंगोलीचा वाटा स्थिर राहिला, याचे कारण हे.

जागा तीन ठरल्या, पण पाच तालुके तीन भागांत घालावयाचे म्हणजे कोठे तरी तालुका तोडणे आलेच. विधानसभेच्या मतदारसंघाने जिल्ह्याची हद्द ओलांडू नये, असे तत्त्व आयोगाने पाळले. त्यामुळे जिल्ह्याच्या आतच ही जुळवाजुळव करावी लागली. सेनगाव तालुका हिंगोलीस जोडला गेला आणि औंढा नागनाथ तालुक्याचे महसूल मंडळांनुसार तुकडे होऊन ते कळमनुरी व वसमत यांच्यात विभागले गेले. ९२ वसमत, ९३ कळमनुरी आणि ९४ हिंगोली अशी या मतदारसंघांची क्रमवारी आहे, आणि तिन्ही सर्वसाधारण म्हणजे अनारक्षित आहेत. औंढ्याच्या नागनाथाचे ज्योतिर्लिंग देशभरातील भाविकांना ठाऊक आहे, आणि अलीकडे त्याच तालुक्यातील दुधाळा येथे गुरुत्वीय लहरींचा वेध घेणाऱ्या लायगो-इंडिया प्रयोगशाळेस २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली, त्यामुळे विज्ञानजगतातही त्याचे नाव गेले. परंतु विधानसभेत या तालुक्याच्या नावाचा आमदार नाही. तालुका तोडला गेला की त्याची कचेरी एक, पंचायत समिती एक आणि आमदार दोन अशी स्थिती होते. दोन आमदारांचा एक तालुका हा कागदावर भाग्यवान दिसतो. प्रत्यक्षात तो दोघांच्याही यादीत शेवटी राहण्याचा धोका असतो.

तीन मतदारसंघ, तीन प्रकृती

नकाशावर शेजारी असणारे हे तीन मतदारसंघ प्रकृतीने मात्र एकमेकांहून भिन्न आहेत, आणि ही भिन्नता प्रामुख्याने पाण्याने घडवलेली आहे.

वसमत हा दक्षिणेकडचा, पूर्णेच्या खोऱ्यातील मतदारसंघ. येलदरी आणि सिद्धेश्वर या दोन धरणांचे पाणी पूर्णा प्रकल्पाच्या कालव्यांतून या भागात खेळले आणि त्याबरोबर ऊस आला, हळद आली. वसमतची हळद आज भौगोलिक मानांकन मिळवून बसली आहे. ऊस आला म्हणजे सहकारी साखर कारखाना आला, आणि कारखाना आला म्हणजे त्याचे संचालक मंडळ, त्याची सभासद यादी, त्याचा ऊसतोडीचा कार्यक्रम आणि या सर्वांच्या आधाराने उभे राहणारे राजकारण आले. पूर्णा सहकारी साखर कारखान्याचे नेतृत्व करणारे जयप्रकाश दांडेगावकर पुढे देशातील सहकारी साखर कारखान्यांच्या राष्ट्रीय महासंघाचे अध्यक्ष झाले. कुरुंद्याजवळच्या टोकाई कारखान्याभोवती शिवाजी जाधव यांचे स्वतंत्र बळ उभे राहिले. आणि शिवसेनेच्या उदयाबरोबर डॉ. जयप्रकाश मुंदडा यांनी शहरी व्यापारी वस्ती व ग्रामीण तरुण यांची सांगड घातली. परिणाम असा की, येथे सत्तेचे केंद्र एक नाही, अनेक आहेत. २००९ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसचे दांडेगावकर, २०१४ मध्ये शिवसेनेचे मुंदडा, २०१९ मध्ये राष्ट्रवादीचेच चंद्रकांत ऊर्फ राजू नवघरे असे आमदार बदलत गेले. २०१९ च्या लढतीत दुसऱ्या क्रमांकावर जाधव हे अपक्ष होते, म्हणजे पक्षाच्या चिन्हाशिवायही येथे मोठी मते गोळा करता येतात. पुढे राष्ट्रवादी दुभंगली, आणि २०२४ मध्ये अजित पवार गटाचे नवघरे व शरद पवार गटाचे दांडेगावकर असे एकाच घरचे दोन मल्ल समोरासमोर आले. नवघरे यांनी जागा राखली.

कळमनुरी हा पूर्वेकडचा, डोंगराळ व संमिश्र मतदारसंघ. आंध आदिवासींची गावे, बंजारा समाजाचे तांडे, हटकर-धनगरांच्या वाड्या, मराठा शेतकरी, मुस्लिम व दलित वस्ती असा हा विविधतेचा पट आहे, आणि त्याच्या उशाशी पैनगंगेवरील इसापूर धरण आहे, ज्याच्या पाण्याचा मोठा वाटा कालव्यांनी पुढे नांदेडकडे जातो. धरण आपल्या दारात आणि भिजते दुसऱ्याचे शेत, ही येथील जुनी तक्रार आहे. सिंचनाच्या अनुशेषाचा विषय म्हणूनच येथे प्रत्येक निवडणुकीत निघतो. ऐंशीच्या दशकात काँग्रेसच्या रजनी सातव यांनी या मतदारसंघाचे प्रतिनिधित्व केले आणि राज्याच्या मंत्रिमंडळातही काम केले. मराठवाड्याच्या ग्रामीण राजकारणात स्त्रियांची संख्या आजही बोटांवर मोजण्याइतकी असताना ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्यांचे चिरंजीव राजीव सातव २००९ मध्ये येथूनच आमदार झाले, पुढे अखिल भारतीय युवक काँग्रेसचे अध्यक्ष झाले, आणि २०१४ मध्ये लोकसभेत गेले. कोविडनंतरच्या व्याधीने १६ मे २०२१ रोजी त्यांचे अकाली निधन झाले. २०१४ मध्ये काँग्रेसचे डॉ. संतोष टारफे आणि २०१९ मध्ये शिवसेनेचे संतोष बांगर निवडून आले. या २०१९ च्या लढतीत वंचित बहुजन आघाडीचे अजित मगर यांनी दुसरा क्रमांक घेऊन काँग्रेसला तिसऱ्या स्थानी ढकलले, आणि अनेक समाजांच्या बेरजेवर उभ्या असलेल्या मतदारसंघात तिसरी शक्ती काय करू शकते, याचा पाठच घालून दिला. शिवसेना दुभंगल्यानंतर ४ जुलै २०२२ रोजी विश्वासदर्शक ठरावाच्या दिवशी बांगर हे एकनाथ शिंदे यांच्या बाजूस गेले. २०२४ मध्ये त्यांनी उद्धव ठाकरे गटाकडून उभ्या राहिलेल्या टारफे यांचा पराभव केला.

हिंगोली हा तिसरा मतदारसंघ बव्हंशी कोरडवाहू. सोयाबीन, तूर, कापूस आणि हरभरा ही त्याची पिके. पाऊस आणि बाजारभाव हे त्याचे दोन स्वामी. जिल्ह्याचे ठाणे, जुनी बाजारपेठ, मोठी बाजार समिती आणि दसऱ्याच्या प्रदर्शनासाठी प्रसिद्ध असलेले हिंगोली शहर येथे आहे. संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून वारकऱ्यांना वंद्य असलेले नर्सी याच तालुक्यात आहे. वसमतप्रमाणे कारखान्यांची परस्परविरोधी संस्थाने येथे उभी राहिली नाहीत, आणि म्हणून नेतृत्वाची स्पर्धा सामान्यतः दोन घराण्यांत किंवा दोन व्यक्तींत सीमित राहिली. गोरेगावकर आणि मुटकुळे ही नावे दीर्घकाळ येथील राजकारणाच्या दोन तीरांवर उभी आहेत. २०२४ मध्येही मुटकुळे यांच्यासमोर ठाकरे गटाच्या रूपाली पाटील गोरेगावकर होत्या. सत्तेची केंद्रे जेथे थोडी, तेथे निवड स्थिर. जेथे अनेक, तेथे ती चंचल, असा निष्कर्ष या तीन मतदारसंघांच्या तुलनेतून काढता येतो. हा निष्कर्ष सार्वत्रिक सिद्धान्त म्हणून मांडण्याचे धाडस करू नये. परंतु या जिल्ह्यापुरता तो पुराव्याशी सुसंगत आहे.

दूरचा खासदार

आता प्रारंभीच्या कोड्याकडे वळू. हिंगोली लोकसभा मतदारसंघ १९७७ मध्ये अस्तित्वात आला. त्याचे पहिले खासदार जनता पक्षाचे चंद्रकांत पाटील. त्यानंतर १९८०, १९८४ आणि १९८९ असे तीनदा काँग्रेसचे उत्तमराव राठोड. म्हणजे या मतदारसंघाच्या मातीतच चंचलता आहे, असे म्हणता येत नाही. पुढे मात्र मालिका अशी आहे : १९९१ मध्ये शिवसेनेचे विलास गुंडेवार, १९९६ मध्ये शिवसेनेचेच शिवाजी माने, १९९८ मध्ये काँग्रेसच्या सूर्यकांता पाटील, १९९९ मध्ये पुन्हा माने, २००४ मध्ये पुन्हा, या वेळी राष्ट्रवादीकडून, सूर्यकांता पाटील, २००९ मध्ये शिवसेनेचे सुभाष वानखेडे, २०१४ मध्ये काँग्रेसचे राजीव सातव, २०१९ मध्ये शिवसेनेचे हेमंत पाटील आणि २०२४ मध्ये ठाकरे गटाचे नागेश पाटील आष्टीकर. २०१४ ची लढत तर विसरता येणार नाही. देशभर मोदींची लाट होती, राज्यात काँग्रेसला नांदेड आणि हिंगोली या दोनच जागा मिळाल्या, आणि त्यांतील हिंगोलीत सातव यांनी वानखेडे यांचा अवघ्या १,६३२ मतांनी पराभव केला. पुढच्या खेपेस तेच वानखेडे काँग्रेसचे उमेदवार होऊन उभे राहिले आणि हेमंत पाटलांकडून पावणेतीन लाखांहून अधिक मतांनी हरले. चिन्ह बदलले, माणूस तोच. मतदाराने दोन्ही वेळा त्यास घरी बसवले.

हा मतदारसंघ सहा विधानसभा क्षेत्रांचा आहे : हिंगोली जिल्ह्यातील तिन्ही, नांदेड जिल्ह्यातील किनवट व हदगाव, आणि यवतमाळ जिल्ह्यातील अनुसूचित जातींसाठी राखीव असलेले उमरखेड. तीन जिल्हाधिकारी, छत्रपती संभाजीनगर व अमरावती असे दोन महसूल विभाग, मराठवाडा व विदर्भ असे दोन प्रदेश, आणि मधून वाहणारी, एके काळी निजामी व इंग्रजी मुलखाची हद्द असलेली पैनगंगा. वसमतच्या उसाचा प्रश्न किनवटच्या वनहक्काला लागू पडत नाही, आणि उमरखेडच्या माणसाची वहिवाट हिंगोलीपेक्षा यवतमाळ-नागपूरशी अधिक. आता निधीचा हिशेब पाहा. खासदारास स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटी रुपये मिळतात आणि ते सहा क्षेत्रांत पसरावे लागतात. राज्याच्या आमदारासही २०२२ पासून ५ कोटी मिळतात, पण ते एकाच क्षेत्रात खर्ची पडतात. गावातील सभामंडप, पाणंद रस्ता, जळालेले विद्युत रोहित्र, अडकलेले पीकविम्याचे पैसे, तहसील कचेरीतील रखडलेली फेरफार नोंद, यांसाठी माणूस ज्याच्या दारात जातो तो आमदार असतो. खासदाराकडे रेल्वे, महामार्ग आणि दिल्लीची धोरणे. मुंबईची जनशताब्दी रेल्वे हिंगोलीपर्यंत आली ती २०२४ मध्ये, कित्येक वर्षांच्या मागणीनंतर. इतक्या दीर्घ मुदतीच्या कामाचे श्रेय घेण्यास मागणी करणारा खासदार सहसा पदावर उरलेला नसतो. आमदाराचे माप मतदार त्याच्या कामावरून काढू शकतो. खासदाराचे माप काढावयास त्याच्याजवळ साधन नसते, म्हणून तो त्या मतपत्रिकेवर सरकारबद्दलचा, पिकाच्या भावाबद्दलचा किंवा त्या वर्षीच्या एखाद्या मोठ्या आंदोलनाबद्दलचा आपला अभिप्राय नोंदवतो. खासदाराची खुर्ची ही अशा रीतीने त्या त्या काळच्या संतापाची किंवा आशेची मोजपट्टी होऊन बसते.

२०२४ हे वर्ष याची साक्ष देते. २६ एप्रिलला लोकसभेचे मतदान झाले, आणि आष्टीकरांनी शिंदे गटाचे बाबुराव कदम कोहळीकर यांचा एक लाखाहून अधिक मतांनी पराभव केला. मराठा आरक्षणाचे आंदोलन आणि सोयाबीनचा पडलेला भाव ही त्या दिवसांची हवा होती. सात महिन्यांच्या आत, २० नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान झाले. हिंगोली जिल्ह्याच्या तिन्ही जागा महायुतीने जिंकल्या, आणि त्याही अशा की तिच्या तीन घटक पक्षांना प्रत्येकी एक : हिंगोली भारतीय जनता पक्षाला, कळमनुरी शिंदे गटाला, वसमत अजित पवार गटाला. एप्रिलमध्ये लाखाने हरलेले कोहळीकर त्याच लोकसभा मतदारसंघातील हदगावमधून नोव्हेंबरमध्ये आमदार झाले. मधल्या काळात लाडकी बहीण योजनेचे पैसे स्त्रियांच्या खात्यांत जमा होऊ लागले होते, हे खरे, आणि त्याचा परिणाम राज्यभर झाला, हेही खरे. सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये असताना बाजारात त्याहून कमी दर मिळत होता, तो प्रश्न मात्र नोव्हेंबरातही मिटलेला नव्हता. तरीही निकाल उलटला, तो केवळ योजनेने उलटला असे म्हणणे मतदारावर अन्याय करणे होईल. एप्रिलमध्ये त्याने धोरणावर मत दिले आणि नोव्हेंबरमध्ये माणसावर, असे मानले म्हणजे दोन्ही निकाल एकाच विवेकाचे दिसू लागतात.

या विवेकाचे गुणगान करताना त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. जवळच्या माणसावर भिस्त ठेवणारा मतदार आमदाराकडून रोहित्र आणि रस्ता मागतो, पण विधानसभा हे कायदे करणारे आणि राज्याचे अंदाजपत्रक मंजूर करणारे सभागृह आहे, ही गोष्ट त्याच्या मागणीत क्वचितच उमटते. सिंचनाचा अनुशेष, हळदीवरील संशोधन व प्रक्रिया, डोंगराळ भागातील शाळा व आरोग्यकेंद्रे हे प्रश्न विधिमंडळातील तारांकित प्रश्नांतून, लक्षवेधी सूचनांतून आणि अर्थसंकल्पावरील चर्चेतून सुटतात. त्यांचा पाठपुरावा कोणत्या आमदाराने किती केला, याचा हिशेब निवडणुकीच्या सभेत कोणी विचारत नाही. जिल्ह्याच्या तीन आमदारांनी एकत्र बसून एखादी मागणी सभागृहात लावून धरली, तर तीन मतांचे वजन तीनपेक्षा अधिक होते. पण स्वतंत्र मतदारसंघांचे स्वतंत्र हिशेब हे होऊ देत नाहीत.

पुढील दशकात ही चौकट पुन्हा हलणार आहे. घटनेतील तरतुदीनुसार २०२६ नंतर होणाऱ्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध झाल्यावर जागांच्या वाटणीवरील निर्बंध संपतो आणि नवा परिसीमन आयोग नेमण्याचा मार्ग मोकळा होतो. आयोग आपला मसुदा राजपत्रात प्रसिद्ध करतो, त्यावर हरकती मागवतो, जाहीर सुनावणी घेतो, आणि त्यानंतर काढलेल्या आदेशास कायद्याचे बळ प्राप्त होते; घटनेच्या ३२९ व्या अनुच्छेदाने त्यास न्यायालयीन आव्हानापासून संरक्षण दिलेले आहे. म्हणजे ज्या सुनावणीच्या दिवशी हरकत घेता येते, तोच नागरिकाच्या हाती असलेला खरा दिवस; नंतर पस्तावून फारसे काही हाती लागत नाही. निवडणुकीच्या सभेला हजारोंनी गर्दी करणारे आपले लोक या सुनावणीकडे फिरकत नाहीत, आणि मग तालुका तुटल्याची तक्रार पुढची वीस वर्षे करीत राहतात. हिंगोलीच्या, आणि हिंगोलीसारख्या प्रत्येक जिल्ह्याच्या वाचकास म्हणून विनंती आहे : नवा मसुदा प्रसिद्ध होईल तेव्हा आपले महसूल मंडळ कोणत्या मतदारसंघात टाकले आहे ते स्वतः तपासा, आपली कचेरी, बाजारपेठ आणि पाण्याचा कालवा यांच्याशी ती वाटणी जुळते की नाही ते पाहा, आणि जुळत नसेल तर मुदतीत लेखी हरकत नोंदवा.